‘आपकी गली से एक कागज नहीं आया’: इंदूरच्या एका बॅकलेनचं प्रकरण

इंदूरच्या पश्चिम भागात एक जुनी वसाहत आहे. तिथे पाठीला पाठ लावून बावीस घरं उभी आहेत आणि दोन रांगांच्या मधे जेमतेम दहा फुटांची गल्ली आहे. इथले सगळे तिला बॅकलेन म्हणतात. घराघरातली मोरी, संडास, स्वयंपाकघर यांचं पाणी या गल्लीखालच्या ड्रेनेज लाइनमध्ये उतरतं आणि टोकाला मोठ्या लाइनला मिळतं. सत्तरच्या दशकात एका गृहनिर्माण सहकारी संस्थेने प्लॉट पाडले तेव्हा घेणारे बहुतेक मराठीच होते. कुणी मिलमध्ये, कुणी शाळेत, कुणी बँकेत नोकरीला. आज बावीसपैकी चौदा घरं मराठी उरली आहेत. मी या गल्लीत सून म्हणून आले आणि बरीच वर्षं रहिवासी मंडळाची खजिनदार आहे.

वसाहतीचं आणि माणसांचं नाव मुद्दाम देत नाही. चूक कुणा एकाची नव्हती, आणि नाव दिलं की लोक मुद्दा सोडून माणूस शोधत बसतात.

ऑगस्ट २०२१

रविवारची सकाळ होती. आदल्या रात्री जोराचा पाऊस झाला होता आणि आमच्या मोऱ्यांतून घाण पाणी उलटं वर आलं होतं. नेहमीप्रमाणे अध्यक्षकाकांनी ‘गटारवाल्या भैयाला’ फोन लावला. तो भाच्याला घेऊन आला. हातात बांबूच्या कमच्या, बादली आणि पहार. आधीची चेंबरं उथळ आहेत, कमच्या घालून मोकळी होतात. पण टोकाचं चेंबर, जिथे आमची लाइन मोठ्या लाइनला मिळते, ते आठेक फूट खोल आहे. कमची पुढे सरकेना म्हणून तो आत उतरला. यापूर्वीही अनेकदा उतरला होता.

दोन मिनिटांत भाच्याची हाक बदलली. आधी तो ‘मामा, हो गया क्या’ असं विचारत होता, मग नुसतं ‘मामा, मामा’. मी मागच्या दारात उभी होते. भाचा आत उडी घेणार तेवढ्यात समोरच्या घरातल्या दादांनी त्याला कमरेला धरून मागे ओढलं. अशा अपघातात वाचवायला उतरलेला दुसरा माणूसही बहुधा जातो, हे त्यांना ठाऊक होतं. गटारातल्या वायूत हायड्रोजन सल्फाइड असतो. थोडा असला की सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण प्रमाण वाढलं की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. त्यामुळे वास गेला म्हणजे धोका टळला असं माणसाला वाटतं, आणि नेमका तेव्हाच तो कोसळतो.

दोरी मिळेना. आमच्या तारेवर वाळत घातलेली सुती साडी दादांनी ओढून घेतली, पिळून तिचा दोर केला आणि फास करून खाली सोडला. तो पुरता बेशुद्ध झाला नव्हता. हात वर आला, फास काखेत बसला, चौघांनी ओढलं. वर आला तेव्हा ओठ निळसर होते आणि डोळे उघडे असूनही आमच्याकडे बघत नव्हते.

दवाखान्याच्या खिडकीवर फॉर्म भरायची वेळ आली. ‘पेशंट का नाम?’ अध्यक्षकाकांनी माझ्याकडे पाहिलं, मी दादांकडे. भाचा मागे रिक्षात होता. काकांच्या मोबाईलमध्ये त्याचा नंबर ‘गटारवाला’ म्हणून होता. माझ्या वहीत सहा वर्षांत अकरा वेळा त्याला पैसे दिल्याची नोंद होती. प्रत्येक नोंद अशी: ‘गटार सफाई, १५०० रु.’ नाव एकाही ठिकाणी नव्हतं.

चार दिवसांनी तो घरी गेला. बिल मंडळाने भरलं.

आपलं आपण

हा प्रकार सुरू कसा झाला, ते नीट सांगायला हवं. आम्ही काही निर्दय माणसं नव्हतो.

२०१५ च्या पावसाळ्यात लाइन पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर तुंबली. कुणीतरी तोंडी कुणालातरी सांगितलं, दोन दिवस वाट पाहिली. मग बैठकीत ठरलं की चकरा मारत बसण्यापेक्षा प्रत्येक घरामागे वर्गणी काढू आणि माणूस बोलावू. संध्याकाळपर्यंत पाणी उतरलं. त्या दिवशी गल्लीत जो आनंद होता तो मला आजही आठवतो. आपलं आपण केलं! कुणापुढे हात पसरले नाहीत!

ही वृत्ती आमच्या रक्तातच आहे. याच मंडळाने चाळीस वर्षं गणपती बसवला, वाचनालय चालवलं, २०२० च्या लॉकडाऊनमध्ये एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना दोन वेळचे डबे पोचवले. इंदूरची मराठी माणसं होळकरांच्या काळापासून संस्था उभ्या करून जगत आली. घर सोडून आलेल्यांना संस्था हेच माहेर असतं. त्या सवयीला मी नावं ठेवणार नाही.

पण गणपती आपला असतो. ड्रेनेजची लाइन आपली एकट्याची नसते. दोन्ही कामं वर्गणीतून केली तरी त्यांचा परिणाम वेगळा होतो, आणि सहा वर्षं हे आमच्या लक्षात आलं नाही.

कायदा तर सरळ होता. हाताने मैला सफाईला बंदी घालणारा कायदा २०१३ चा आहे. गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये साधनांशिवाय माणूस उतरवायला त्यात बंदी आहे. ती महापालिकेला लागू आहे, ठेकेदाराला आहे आणि पंधराशे रुपये देणाऱ्या रहिवासी मंडळालाही आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. अशा मृत्यूसाठी दहा लाख रुपये भरपाई द्यावी असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितलं होतं, ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाख केली. हे सगळं मी दवाखान्यातून आल्यावर वाचलं. आधी वाचायची गरज वाटली नव्हती, कारण आमच्या मते आम्ही चांगलं काम करत होतो.

आणि एक गोष्ट आमच्यापैकी कुणीच मोठ्याने म्हणत नाही, ती इथे म्हणते. आत उतरणारा माणूस कुठल्या समाजाचा असतो हे आम्हा सगळ्यांना न विचारता माहीत होतं. बाबासाहेबांचा जन्म इथून तासाभराच्या अंतरावर, महूला झाला. दर १४ एप्रिलला आम्ही त्यांचा फोटो ग्रुपवर टाकतो. नोव्हेंबर १९४९ मध्ये संविधान सभेतल्या शेवटच्या मोठ्या भाषणात त्यांनी बजावलं होतं की, स्वातंत्र्य आल्यावर चुकलं-माकलं तर इंग्रजांवर ढकलायची सोय संपली, आता दोष द्यायला आपल्याशिवाय कुणी उरलं नाही. ते वाक्य देशाविषयी होतं. मला ते आमच्या चेंबरच्या काठावर लागू पडलं.

अडीच वर्षं नगरसेवकच नाही

अपघातानंतर पहिला प्रश्न आला तो तक्रार कुणाकडे करायची हा. २०१५ मध्ये निवडून आलेल्या परिषदेची मुदत २०२० च्या सुरुवातीला संपली होती आणि पुढची निवडणूक झाली थेट जुलै २०२२ मध्ये. मधल्या काळात शहराला ना महापौर होता ना वॉर्डाला पार्षद, म्हणजे नगरसेवक. कारभार प्रशासक बघत होते. आणि याच काळात केंद्राच्या स्वच्छ सर्वेक्षणात इंदूर देशात पहिलं येतच होतं. २०१७ पासून एकही वर्ष चुकलं नव्हतं.

यावरून गल्लीत एक विचार पक्का झाला. एक काका नेहमी म्हणायचे, “बघा, नगरसेवक नसताना शहर उत्तम चाललंय. कशाला हवेत हे?” बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. मीही डोलावली असेन.

आज मला तो विचार चुकीचा वाटतो. घराघरातून ओला-सुका कचरा वेगळा उचलणं हे सगळ्या शहरात एकाच पद्धतीने करायचं काम आहे. ते वरून आलेल्या आदेशाने होतं, आणि इंदूरमध्ये ते खरोखर उत्तम झालं. पण आमच्या गल्लीतलं अमुक चेंबर का तुंबतं, हे आदेशाने कळत नाही. ते खालून कुणीतरी वर न्यावं लागतं. वर नेणारा माणूस नसेल तर अशी बारीक दुखणी दिसेनाशी होतात आणि वरवर सगळं छान दिसतं. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने शहरांना निवडून आलेली परिषद दिली, तीन लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरांसाठी वॉर्ड समित्यांची तरतूद केली, ती याचसाठी.

दुसरी अडचण आमच्या अभिमानाची होती. पहिला नंबर आलेल्या शहरात गटार तुंबल्याची तक्रार करायची म्हणजे घरचं उणं चव्हाट्यावर मांडायचं, असं वाटे. एकदा मी महापालिकेच्या तक्रारींसाठीच्या ३११ ॲपवर फोटो टाकायला निघाले तर शेजारच्या वहिनींनी हात धरला. “अहो, सर्वेक्षण चालू आहे. आत्ता नको.” त्यांचं शहरावर मनापासून प्रेम आहे. त्या प्रेमापायीच आम्ही गप्प राहिलो.

शिवाय आमच्या मराठी घरांची आणखी एक सवय होती. १९८९ ते २०१९, सलग आठ वेळा, सुमित्रा महाजन इथल्या खासदार होत्या. त्या आपल्यातल्या, सगळ्यांच्या ‘ताई’. त्यामुळे काही झालं की ‘ताईंना सांगू’ हे तोंडात बसलेलं. पण खासदार दिल्लीत कायदे करायला निवडलेला असतो. गल्लीतल्या ड्रेनेजसाठी पार्षद असतो, आणि २०१५ ते २०२० या पाच वर्षांतल्या आमच्या पार्षदाचं नाव आमच्यातल्या निम्म्या लोकांना सांगता आलं नसतं.

कागद

६ जुलै २०२२ ला मतदान झालं. एक मत महापौराला, एक पार्षदाला. सप्टेंबरमध्ये आम्ही पाच जण नव्या पार्षदांना भेटायला गेलो. बाई चाळिशीच्या, टेबलावर जाड फाइल. अध्यक्षकाकांनी सगळी हकिकत सांगितली, थोडी तावातावानेच. त्यांनी फाइल उघडली. गल्लीवार अर्ज लावलेले होते. आमच्या शेजारच्या गल्लीचे सात, त्यापलीकडचे चार. त्यांनी पानं मागे-पुढे केली आणि म्हणाल्या, “अंकल, आपकी गली से तो आज तक एक कागज नहीं आया. मुझे तो यही बताया गया था कि वहाँ कोई दिक्कत नहीं है.”

काकांचा चेहरा उतरला. परत येताना कुणी बोललं नाही.

घरी येऊन मी वही उघडली. अकरा नोंदी, पावत्या, वर्गणीचे हिशेब, सगळं पै-पैचं जुळत होतं. दुखण्याचा इतिहास तारीखवार माझ्याकडे होता. पण तो आमच्या वहीत होता. निगमाच्या, म्हणजे महापालिकेच्या, वहीत आमची गल्ली निरोगी होती. आम्ही दर वेळी पैसे काढून दुखणं दाबलं आणि दर वेळी कागदावर सगळं ठीक असल्याची साक्ष दिली. पुढच्या वर्षी पैसे कुठे खर्च करायचे याची यादी बनत असेल तेव्हा आमचं नाव त्यात कसं येणार?

साधा हिशेब बघा. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या साडेएकोणीस लाखांच्या वर होती. आज वॉर्ड ८५ आहेत. जुनी लोकसंख्या धरली तरी एका पार्षदामागे तेवीस हजार माणसं येतात, आणि शहर तेव्हापासून कितीतरी वाढलंय. एका माणसाने तेवीस हजार लोकांच्या मनातलं ओळखावं ही अपेक्षाच चूक. आपण मत देऊन आपला आवाज दुसऱ्याकडे सोपवतो, पण त्या आवाजात काय म्हणायचं ते आपल्यालाच सांगावं लागतं.

नकाशा आणि पाच ओटे

आम्ही दहा रुपये भरून माहितीच्या अधिकारात अर्ज केला आणि बॅकलेनच्या ड्रेनेजचा नकाशा मागितला. तीस दिवसांच्या आत हाती आला. नकाशात अकरा चेंबरं होती. आम्ही गल्लीत जाऊन मोजली तर सहा.

उरलेली पाच चेंबरं ओट्यांखाली होती. गेल्या चाळीस वर्षांत मागच्या दाराशी एकेकाने कपडे-भांडी धुवायला ओटा बांधला, कुणी त्यावर पत्रा टाकला, कुणी न्हाणीघरच काढलं. जागा सगळ्यांची आहे हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणूनच कुणी कुणाला बोललं नाही. माझ्या सासूबाईंचा ओटा त्या पाचांपैकी एक.

पार्षदांनी पाठवलेले उपयंत्री, म्हणजे निगमाचे कनिष्ठ अभियंता, आले. तरुण मुलगा होता, टेपने मोजत गल्ली पालथी घातली. त्याने जे दाखवलं त्यातलं निम्मं आम्हाला नवं होतं. एक, पाण्याच्या दाबाने लाइन साफ करणाऱ्या जेटिंग मशीनचा होज चेंबरातून आत सोडतात. मधली चेंबरं बुजलेली असली की पाण्याचा दाब लांबवर पोचत नाही, मळ पुढे ढकलला जाऊन पुन्हा अडकतो. म्हणूनच टोकाच्या चेंबरमध्ये माणूस उतरवायची वेळ येत होती. दोन, लाइन पावसाळ्यातच का उलटते? कारण बावीसपैकी नऊ घरांच्या गच्चीचे पाइप थेट ड्रेनेजला जोडले होते. ही लाइन मैलापाण्याची, पावसाच्या पाण्याची नव्हे. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर एक इंच पाऊस पडला की साधारण तेवीसशे लिटर पाणी होतं. नऊ गच्च्यांचं वीस हजार लिटरच्या वर. ते तासाभरात सहा इंची पाइपात ओतलं तर काय होईल?

तीन, त्याने जमिनीवर खडूने रेघ मारली. “घर से चेंबर तक आपका, चेंबर से आगे हमारा.” घरातून चेंबरपर्यंतचा पाइप, त्याची जाळी, त्यात जाणारा चिंधी-चोथा ही घरमालकाची जबाबदारी. चेंबर आणि पुढची लाइन निगमाची. आम्ही सहा वर्षं रेघेच्या पलीकडचं काम पैसे देऊन करत होतो आणि अलीकडच्याला हातही लावला नव्हता.

जाताना तो म्हणाला, “चेंबर खोल दीजिए, मशीन मैं उसी दिन भेज दूँगा.”

गच्चीवरची बैठक

बैठक तीन तास चालली. एवढं भांडण मी गल्लीत कधी पाहिलं नव्हतं. ‘आम्ही संपत्ती कर भरतो, तोडफोड आमच्या खर्चाने का?’ ‘ओटा सासऱ्यांनी बांधला, त्यांच्या हयातीत कुणी बोललं नाही.’ ‘निगमाने नोटीस द्यावी, मग बघू.’ म्हणजे आपण होऊन नाही, कुणी दंडुका दाखवला तर.

संगणक क्षेत्रातल्या एका मुलाने तोड काढली: मशीन खाजगीतून भाड्याने आणू, खर्च बावीस घरांत वाटू, माणूस उतरणार नाही, कायदा मोडणार नाही. बऱ्याच जणांना पटलं. मलाही क्षणभर मोह झाला. पण ओटे तसेच राहिले असते, लाइन पंचेचाळीस वर्षांची जुनी आहे ती कधीतरी बदलावीच लागेल, आणि ते खाजगीतून होणार नाही. पुन्हा पाच वर्षांनी त्याच फाइलमध्ये आमच्या गल्लीचं पान कोरं असतं. मी हे सगळं बोलले. माझा आवाज थरथरत होता, कारण पाचांतला एक ओटा माझ्याच घरचा होता.

तेवढ्यात कोपऱ्यातल्या आजी बोलल्या. वय ८१. त्यांच्या ओट्यावर तुळशीवृंदावन होतं, म्हणून त्यांच्याकडे कुणी विषय काढलाच नव्हता. त्या म्हणाल्या, “तुळस कुंडीत लावता येते रे. चेंबर कुंडीत लावता येत नाही. उद्या गवंडी बोलवा.” त्यांचा मुलगा रागाने उठून गेला. त्या बसून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजींनी आधी तुळशीची पूजा केली, माती-मुळांसकट रोप मोठ्या कुंडीत उतरवलं आणि मग पहिला घाव पडला. विटा निघाल्या, खाली वाळू, तिच्याखाली गंजलेलं लोखंडी झाकण. चार दशकं दिवस न पाहिलेलं. गवंड्याने पहारीने ते उचललं तेव्हा काळं पाणी काठोकाठ होतं. आजी पदर नाकाला लावून वाकून बघत होत्या. “एवढं आपल्या पायाखाली होतं होय,” एवढंच म्हणाल्या.

त्यानंतर आमचा ओटा निघाला. मग आणखी दोन. पाचवा अजून आहे. त्या घरात दोन भावांचा वाटणीचा दावा चालू आहे आणि कुणीच हात लावायला तयार नाही. मशीनवाले त्या चेंबरच्या दोन्ही बाजूंनी होज घालतात, कसंबसं भागतं.

जानेवारी २०२३ मध्ये मशीन आलं. लाइनीतून जे निघालं ते मी बघत उभी होते: साडीचे काठ, सॅनिटरी पॅड, नारळाच्या शेंड्या, दुधाच्या पिशव्या, गोठून मेणासारखं झालेलं तेल. सगळं आमच्याच घरातलं. नऊपैकी आठ घरांनी त्या उन्हाळ्यात गच्चीचे पाइप ड्रेनेजमधून काढले. तिघांनी ते बोअरिंगजवळच्या शोषखड्ड्यात सोडले, बाकीच्यांनी रस्त्यावरच्या पावसाळी नालीत. खर्च ज्याचा त्याने केला. २०२३ चा पावसाळा कोरडा गेला, म्हणजे मोऱ्या कोरड्या राहिल्या. पाऊस भरपूर होता.

लाइन बदलण्याचा अर्ज आम्ही बावीस सह्यांनी दिला. सोबत नकाशा, अकरा नोंदींची प्रत आणि मोकळ्या केलेल्या चेंबरांचे फोटो जोडले. त्यातल्या अर्ध्या लाइनचं काम झालं आहे, उरलेलं मागतो आहोत. या परिषदेची मुदत २०२७ मध्ये संपते. तेव्हा दारात येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराच्या हातात त्या अर्जाची प्रत द्यायची, असं बैठकीत ठरलंय.

२०२४ च्या लोकसभेत इंदूरने आणखी एक गोष्ट पाहिली. एका प्रमुख पक्षाच्या उमेदवाराने अर्ज मागे घेतला आणि १३ मे ला २ लाख १८ हजार ६७४ जणांनी ‘नोटा’चं बटण दाबलं. देशातला तो विक्रम होता. आमच्या गल्लीतही काहींनी दाबलं, त्यावरून चहाच्या टपरीवर कडाक्याचे वाद झाले. ज्यांनी दाबलं त्यांचा हक्क होता, आणि ते घरी बसले नाहीत याचा मला आदर आहे. पण लोकसभेसाठी ते बटण पाच वर्षांतून एकदा दाबता येतं. मधले अठराशे दिवस उरतात.

फेट्याचा रंग

या सगळ्या काळात मला आपल्याच शहराची एक जुनी हकिकत सापडली. पॅट्रिक गेडिस हे स्कॉटिश नगररचनाकार होळकर दरबाराच्या बोलावण्यावरून इंदूरला आले, १९१८ मध्ये त्यांचा शहराविषयीचा अहवाल निघाला. तेव्हा गावात प्लेगची भीती होती. गेडिस यांनी दिवाळीत एक मिरवणूक काढली. ती कुठल्या रस्त्याने जाणार हे आधी ठरलेलं नव्हतं. ज्या भागातले लोक आपली घरं-गल्ल्या सर्वांत स्वच्छ करतील तिथून ती जाणार, अशी दवंडी होती. लोकांनी हजारो गाड्या कचरा काढला. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराचा भला मोठा पुतळा होता, शेवटी तो जाळला. आणि त्या मिरवणुकीत सफाई कामगार नव्या फेट्यांत चालले. तोच फेटा, त्याच रंगाचा, नगराच्या अधिकाऱ्यांच्या डोक्यावर होता.

त्या लोकांना आजच्यासारखं मत नव्हतं. ते दरबाराची प्रजा होते. तरी झाडूवाल्याच्या आणि अधिकाऱ्याच्या डोक्यावर एक रंग असावा, हे शंभर वर्षांपूर्वी या गावात कुणाला तरी सुचलं. माझ्या वहीत मात्र २०२१ साली त्याचं नावही नव्हतं.

यंदा फेब्रुवारीत मी त्याच्या घरी गेले. दवाखान्याचं बिल मंडळाने भरलं होतं, पण नंतरची औषधं आणि बुडालेली मजुरी त्याचीच गेली होती. ते पैसे बैठकीत मंजूर करून घेऊन गेले. त्याचं नाव आता वहीत आहे, पूर्ण, आडनावासकट. बायकोने चहा केला. तो म्हणाला की त्या दिवसानंतर डोकं अधूनमधून जड होतं. मी विचारलं, आता काय काम करता? तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, तेच. दुसऱ्या वसाहतींतून फोन येतात, पावसाळ्यात जास्त. त्याने तीन वसाहतींची नावं सांगितली.

मी तिन्ही ठिकाणच्या मंडळांना फोन केले. आमच्या अर्जाचा नमुना, नकाशा कसा मागवायचा, रेघ कुठे असते, हे सगळं येऊन सांगते म्हटलं. दोघांनी नंतर कळवतो म्हणून ठेवून दिलं. तिसऱ्या मंडळाच्या सचिवांनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, रविवारी या म्हणाले. फोन ठेवता ठेवता त्यांनी विचारलं, “ताई, एक सांगा, तुमच्याकडे तो एका वेळचे किती घ्यायचा?”